घुबडाचा पोशाख

"तुला शिवता येतं?" केतकीनं विचारलं.

मी सिंकपाशी कुकर घासत होते. वळून बघितलं तर ती फ्रीजला टेकून उभी, पाठीवर शाळेचं दप्तर तसंच. त्या घरात येऊन मला काही महिने झाले होते आणि या मुलीनं आपण होऊन विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तोवर ती मला कुठलीच हाक मारत नसे. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत थांबायची आणि मग बोलायची. आई नाही, मावशी नाही, नाव नाही.

"येतं की. काय शिवायचंय?"

"हॅलोवीनचा कॉस्च्यूम. मला आऊल व्हायचंय. सारंगला गार्बेज ट्रक."

"म्हणजे तुला घुबड आणि त्याला कचऱ्याची गाडी?"

"हं." मी हसते की काय, हे ती निरखून बघत होती. "दर वर्षी आई घरीच करते. विकतचे सगळ्यांचे सारखे असतात. पण या वर्षी तिला सुट्टी नाहीये. संडेला फोनवर म्हणाली."

"बाबांना विचारलंस?"

"बाबांना शिवता येत नाही," असं म्हणून ती दप्तर ओढत जिन्यानं वर गेली.

मी कराडची. वडिलांचं अंथरुणाचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलं नाही. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करत होते, घर सांभाळत होते. वडील गेल्यावर भावानं स्थळ आणलं ते रणजित माने यांचं. अमेरिकेत ओहायोत इंजिनिअर, घटस्फोटित, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मी सदतिसाव्या वर्षी हो म्हटलं आणि विमानात बसले.

मुलांची आई, मंजिरी, डॉक्टर होती. भारतातली डिग्री अमेरिकेत चालत नाही म्हणून पुन्हा परीक्षा देऊन ती क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलात उमेदवारी करत होती. कधी दिवसाची ड्यूटी, कधी दिवस-रात्र सलग. अशा माणसाकडे लहान मुलं कशी राहणार? म्हणून मुलं वडिलांकडे होती. एवढं मला ह्यांनी सांगितलं होतं. बाकीचं महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी सांगितलं. गणपतीच्या जेवणाला माझ्या ताटात पुऱ्या वाढता वाढता एकजण कानाशी म्हणाली, "पोरांना टाकून गेली हो." ते डोक्यात राहिलं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना मुलांची फर्माईश सांगितली. हे ऑफिसातून आले की तासभर गप्प बसून असत. घुबड ऐकून मात्र हसले.

"आमच्या गावात घुबड नुसतं ओरडलं तरी आजी मीठमोहऱ्या घेऊन अंगणात यायची," हे म्हणाले. "आणि इथं पोरगी घुबड होऊन लोकांच्या दारात गोळ्या मागायला जाणार."

"आमच्या गॅदरिंगला मुलं झाशीची राणी व्हायची, वासुदेव व्हायची. कचऱ्याची गाडी मी नाही बघितली कधी."

"तुला झेपणार नसेल तर दुकानातून आणू."

"ती म्हणाली विकतचं नको."

ह्यांनी रिमोट उचलला. "तिच्या आईनं लावलेली सवय आहे," म्हणाले आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी कापड शोधायला मी तळघरात उतरले. जुन्या कपड्यांच्या खोक्यात ह्यांच्या दोन कॉर्डरॉयच्या पँटी सापडल्या, पिवळसर तपकिरी. घुबडाला अगदी चालण्यासारख्या. खोक्यापलीकडे चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. चादर उचलली तर शिलाई मशीन. चांगलं विजेवरचं, दोरा ओवलेला. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उकिडवी बसून त्याचं चाक फिरवून बघितलं.

"ते आईचं आहे."

केतकी जिन्यात उभी होती.

"वापरू नको का मी?"

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "ते आईचं आहे," एवढंच पुन्हा म्हणाली. मी चादर होती तशी घातली.

मग सगळं हातानं. अंगात सैलसर झगा, हातांपासून कमरेपर्यंत पंख, आणि सगळ्यावर पिसं. पिसं म्हणजे कॉर्डरॉयचे बोटभर लांबीचे तुकडे, खालचं टोक गोल कापलेलं. खालच्या ओळीपासून सुरुवात करायची आणि वर वर जायचं, घरावर कौलं घालतात तसं, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. जाड कापडातून सुई ओढून ओढून अंगठ्याला घट्टे पडले.

आणि मी थकलेली होते. तो थकवा कामाचा नव्हता. काम मला कराडातही याहून जास्त होतं. इथं सकाळी उठल्यापासून प्रत्येक गोष्ट विचारून, वाचून, समजून घ्यावी लागायची. दूध कुठलं, बटण कुठलं, शाळेच्या बाईंना काय म्हणायचं, दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही. दिवसेंदिवस अंधार लवकर पडायला लागला होता. मुलं आपसात इंग्रजीत भराभर बोलायची आणि मी खोलीत गेले की थांबायची. मी खिडकीपाशी बसून पिसं लावायची, तेव्हा निदान हे एक काम तरी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळत होतं.

सारंगची गाडी सोपी होती. शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला होता, त्याचं खोकं मागून आणलं, हिरवा रंग दिला, जुन्या बॅगेचे पट्टे लावून खांद्यावर अडकवायची सोय केली. तो ते खोकं अंगात घालून घरभर मागं मागं चालायचा आणि तोंडानं पिप-पिप करायचा. एकदा पायमोजे सापडेनात म्हणून शोधत होते, तर सगळ्यांचे मोजे गाडीत.

केतकीचं माप मी जाकिटावरून घेतलं. इकडे ऑक्टोबरअखेर बाहेर फार गार असतं, पोशाख जाकिटावर बसला नाही तर उपयोग नाही, हे शेजारणीनं सांगितलं होतं. केतकी हात पसरून उभी राहिली, तोंड भिंतीकडे करून. मी टेप तिच्या छातीभोवती घेतला. तिच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. तिच्या केसांना शाळेच्या खडूचा वास येत होता.

हॅलोवीनच्या आदल्या दिवशी घुबड पुरं झालं. तिनं घालून बघितलं, आरशासमोर हात वर केले. पंख उघडले. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग नीट काढून तिनं तो झगा स्वतःच्या खोलीच्या दारामागे अडकवला. जमिनीवर टाकून गेली नाही.

हॅलोवीनच्या दिवशी दुपारी मुलं शाळेतून आली आणि पाठोपाठ दारात एक गाडी येऊन थांबली. सारंग खिडकीतून बघून ओरडला, "आई आली."

केतकी माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली. ह्यांनी त्या दिवशी अर्धी सुट्टी घेतली होती. हे उठले, दार उघडलं, "ये" म्हणाले आणि पानं गोळा करायचं दाताळं घेऊन मागच्या अंगणात गेले.

मंजिरीला मी त्याआधी फोटोतही बघितलं नव्हतं. उंच बाई, कोटाखाली हॉस्पिटलचे हिरवे कपडे तसेच. डोळ्यांखाली काळं झालेलं. सारंग तिच्या एका पायाला धरून लोंबकळत होता, केतकी कमरेला. त्यातून वाट काढत तिनं मला नमस्कार केला.

"तुम्ही शालन ना. न कळवता आले, माफ करा. एकीनं ड्यूटी बदलून दिली ऐनवेळी, घरी जायला पण वेळ नव्हता."

"या ना. चहा टाकते."

"चहा नको. आधी यांना दाखवते." तिच्या हातात मोठी पिशवी होती.

सारंगसाठी तिनं कचरागाडीवाल्याचा नारिंगी डगला आणि टोपी आणली होती. त्यानं ते लगेच अंगात घालून वर खोकं चढवलं, म्हणजे गाडीही तोच आणि गाडीवालाही तोच. मग पिशवीतून दुसरा पोशाख निघाला. घुबड. तपकिरी कापड, गळ्याभोवती खरी पिसं, टोपीवर पिवळे गोल डोळे. माझ्या झग्यापेक्षा कितीतरी देखणा. शिवण कुठे सरळ होती, कुठे वाकडी गेली होती. झोपेत डोळे मिटत असताना शिवलं की शिवण अशी जाते, मला माहीत होतं. वडिलांच्या उशाशी बसून मीही तसं शिवलेलं होतं.

केतकीनं तिथल्या तिथे जाकीट काढलं आणि पोशाख चढवला. पाठीची चेन कमरेपर्यंत आली आणि अडकली. तिनं पोट आत घेतलं, मंजिरीनं ओढली, चेन कशीबशी वर गेली.

"बसतो," केतकी म्हणाली. "बघ. बसतो."

"हात वर कर."

हात खांद्याच्या वर जाईनात.

"मला हात वर नाही करायचे. बसतो हा."

सारंग खोक्यातून तिच्याकडे बघत होता. "केतकी, श्वास घे," तो म्हणाला.

मंजिरी गुडघ्यांवर बसली. मुलीच्या बगलेतून, पाठीवरून तिनं हात फिरवला. शिवण ताणून पांढरी पडली होती. "मी मागच्या वर्षीच्या मापानं शिवलं," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाला उद्देशून नाही. "थोडं वाढवून धरलं होतं."

तेवढ्यात सारंगनं जाऊन वरून माझा झगा आणला. लहान मुलाला काय कळतं. "हा घाल ना. हा मोठा आहे."

मंजिरीनं तो हातात घेतला, पिसांची एक ओळ उचलून खालची शिवण बघितली. "हातानं केलंत?"

"तुम्हाला जमणार नाही असं कळलं होतं, म्हणून."

"मीच सांगितलं होतं तसं." तिनं तो केतकीपुढे धरला. "केतू, हा घाल. छान आहे. ऊब पण राहील."

"नाही. मी तू केलेला घालणार."

"बेटा, यात तुला चालता येणार नाही."

"येईल." आणि केतकी रडायला लागली. आवाज न करता, कारण मोठा श्वास घ्यायला जागाच नव्हती.

मला राग आला. कुणाचा ते आजही नक्की सांगता येणार नाही. इतके दिवस सुई ओढली ती मी, आणि मुलीला हवा होता तो न बसणारा पोशाख. वाटलं, आपण जाऊन पडावं, यांचं यांना निस्तरू द्यावं. पण ती पोर तशीच उभी होती, ओठ मिटून, हात अंगाशी चिकटवून. आपल्या आईनं चुकीचं माप धरलं हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

"काढ तो," मी म्हटलं. "मी काढून घेत नाहीये. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवू आणि मध्ये पट्टी घालू. मग होईल."

"पट्टीला कापड आहे?" मंजिरीनं विचारलं.

मी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि माझ्या झग्याची बाजू धरली.

"अहो, तो नका कापू."

"घरात दुसरं तपकिरी कापड नाही. आणि अंधार पडायच्या आत निघायचंय ना यांना?"

तिनं माझा हात धरला, मग सोडला. मी बगलेपासून खालपर्यंत दोन रुंद पट्ट्या कापल्या, पिसांसकट. कॉर्डरॉय कापताना कात्री करकरते. केतकी रडायची थांबून बघत होती.

"हातानं एवढ्यात व्हायचं नाही," मी म्हटलं.

"खाली मशीन आहे ना? का वापरत नाही तुम्ही?"

मी केतकीकडे बघितलं. केतकीनं खाली बघितलं. मंजिरी आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत राहिली आणि मग उठली. मी आणि तिनं दोन बाजूंनी धरून ते मशीन वर केतकीच्या खोलीत आणलं.

"बॉबिन अडकतं जरा," ती म्हणाली. "डावीकडून दाबायचं, मग बसतं."

ती खाली गालिच्यावर पलंगाला टेकून बसली आणि ब्लेडनं शिवणी उसवू लागली. हात सफाईदार होता. मी पट्टी टाचण्यांनी लावत होते. केतकी आमच्या मध्ये बसली होती, सारंग पॅसेजमध्ये पिप-पिप करत होता. अंगणातून दाताळ्याचा आवाज येत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"जेवतात का नीट?" मंजिरीनं हळूच विचारलं.

"सारंग जेवतो. केतकीला माझी आमटी आवडत नाही."

"गूळ कमी घाला. तिला गोड आमटी आवडत नाही."

"माझी आई घालायची तेवढाच घालते."

"मीही घालायचे. मग सोडलं." ती एक धागा ओढत म्हणाली, "ती रडली की सांगत नाही. उशी उलटी करून ठेवते. सकाळी अंथरूण काढताना उशी बघायची."

केतकीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. मी इतके महिने तिचं अंथरूण काढत होते आणि उशी कधी बघितली नव्हती.

एक बाजू टाचून झाल्यावर मी दुसरी मागितली तर उत्तर नाही. मंजिरी बसल्या जागी झोपली होती. तोंड किंचित उघडं, बोटांत ब्लेड तसंच. केतकीनं पुढे होऊन ते अलगद काढून घेतलं आणि मशीनच्या कडेला ठेवलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"हळू चालव," ती कुजबुजली. "आवाज होतो त्याचा."

मी पायाखालचं पेडल सोडून दिलं आणि चाक हातानं फिरवत टाका टाका पुढे नेला. केतकीनं कापडाचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. वळणापाशी ती आपण होऊन कापड सैल सोडायची. उरलेली बाजू तिनंच उसवली, जिभेचं टोक बाहेर काढून. मंजिरीची मान खांद्यावर कलली तेव्हा तिनं उठून पलंगावरची उशी तिच्या मानेखाली सरकवली आणि पुन्हा येऊन टोक धरलं.

बाहेर रस्त्यावर मुलांचे आवाज यायला लागले तेव्हा मी शेवटचा दोरा तोडला. केतकीनं जाकिटावर पोशाख चढवला. चेन विनासायास वर गेली. तिनं हात वर केले आणि दोन्ही काखांखालून माझी पिसं उघडली. तिनं आईला हलवून उठवलं.

"आई, बघ."

मंजिरी दचकून उठली आणि घड्याळाकडे बघून आधी घाबरली. मग मुलीकडे बघितलं. पिसांवरून हात फिरवला. माझ्याकडे वळून काही बोलायला गेली, पण सारंग खोक्यासकट दारात अडकला होता, त्याला सोडवण्यात ते राहून गेलं.

ती तिघं गेली. हे मागच्या दारानं आत आले. पलंगावर माझ्या झग्याचं उरलेलं पडलं होतं, दोन्ही बाजू कापलेलं. ह्यांनी ते बघितलं, मशीन बघितलं, आणि खाली जाऊन चहा टाकला. मी दाराशी जिन्याच्या पायरीवर गोळ्यांचं भांडं मांडीवर घेऊन बसले. मुलं येत होती, चेटकिणी, भुतं, आईच्या कडेवर भोपळा झालेलं एक इवलंसं बाळ. मी मूठ मूठ देत होते. कुणी काय म्हणत होतं ते मला कळत नव्हतं आणि त्या संध्याकाळी ते कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

मुलं परत आली ती नाकं लाल करून. मंजिरीला सकाळची ड्यूटी होती. चहा घेऊन ती निघाली. मी गाडीपर्यंत गेले. तिनं दार उघडलं, पण बसली नाही.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"यांची मापं कळवत जाल का मला?" गाडीच्या दिव्यात तिचा चेहरा अगदी ओढलेला दिसत होता. "फोनवर विचारलं तर ती म्हणते, तेवढीच आहे मी. तिला वाटतं मला वाईट वाटेल."

मी हो म्हटलं.

पुढे दर सप्टेंबरात मंजिरीचा फोन येत राहिला. आमचं एरवी फारसं बोलणं नसे. तिची उमेदवारी संपली, ती जवळच्या गावात आली, मुलं शनिवार-रविवार तिच्याकडे जाऊ लागली, तरी मापांचा फोन तिनं मलाच केला. मी मुलांना उभं करायची, टेप लावायची, आकडे सांगायची. पोशाख कधी ती शिवायची, कधी मी, कधी अर्धा अर्धा. मंडळातल्या त्या बाईनं पुन्हा एकदा मंजिरीचा विषय काढला तेव्हा मी माझं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

केतकी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी तिनं सांगून टाकलं की आता हे सगळं लहान मुलांचं आहे, तिला काही व्हायचं नाही. सप्टेंबरात फोन आला. मी म्हटलं, "या वर्षी केतकीला काही शिवायचं नाहीये हो."

"मला सांगितलं तिनं," मंजिरी म्हणाली.  पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "तरी सांगा."

मी केतकीला हाक मारली. ती कुरकुरत आली, आणि फोनवर कोण आहे ते कळल्यावर तिची कुरकुर थांबली. हात पसरून उभी राहिली, या वेळी तोंड माझ्याकडे करून. मी रिसीव्हर मानेत धरला, तिच्या खांद्याला टेप लावला आणि सांगत गेले. पलीकडून मंजिरी एकेक आकडा पुन्हा म्हणत गेली.